कूलरच्या तोटीवरची प्लेट

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एक ओपन इलेक्टिव्ह विषय घेणं भाग पडलं. आमच्या विभागाने दोन क्रेडिटचा ‘रोजच्या जगण्यातले सूक्ष्मजीव’ असा विषय ठेवला. बीकॉम आणि बीएची मिळून ६४ मुलं आली. हाच विषय का घेतलात, असं पहिल्या तासाला विचारलं तेव्हा एकाने खरं ते सांगून टाकलं, “मॅडम, बाकीचे फुल झाले होते.”

बहुतेकांचा विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला होता. जंतू म्हणजे रोग, एवढं समीकरण तेवढं पक्कं होतं. ते ढिलं करायचं म्हणून पहिले चार आठवडे मी ताक, इडलीचं फुगलेलं पीठ आणि शिळ्या भाकरीवरची बुरशी यांत घालवले. अगार, म्हणजे जंतू वाढवायला वापरतात ती जेली (बाजारातलं चायना ग्रास), शिकवताना त्याचं पुडिंगच करून नेलं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसेची जंतू वाढवायची जिलेटिनची माध्यमं उन्हाळ्यात पातळ होत. तेव्हा त्याची बायको फॅनी हिने स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं, ते १८८१-८२ च्या सुमारास. वाणिज्यच्या मुलींना ही गोष्ट फार आवडली. त्यातल्या एकीने विचारलं, “मग तिचं नाव कुठल्या प्लेटला का नाही?” प्लेटला नाव पेट्रीचं लागलं, १८८७ मध्ये. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

पाचव्या आठवड्यात स्वॅबचं प्रात्यक्षिक होतं. चार-चारच्या १६ गटांनी कॉलेजात हवी ती जागा निवडायची, निर्जंतुक कापसाचा बोळा सलाइनमध्ये ओला करून तिथे फिरवायचा, न्यूट्रियंट अगारच्या (साध्या पोषक जेलीच्या) प्लेटवर नागमोडी रेघ ओढायची, प्लेटला टेप लावायची आणि उलटी करून कपाटात ठेवायची. इनक्युबेटर, म्हणजे ठरावीक उष्णता राखणारी पेटी, मी मुद्दाम वापरला नाही. ३७ अंश हे आपल्या शरीराचं तापमान, आणि शरीरात वाढणाऱ्या जंतूंना नवख्या मुलांच्या हातात मोकळं रान द्यायचं नव्हतं. ऑक्टोबरची उष्णता ४८ तासांसाठी पुरेशी होती.

प्लेट मोजून १६ होत्या. खरं तर १८ लागतात, जास्तीच्या दोन तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल: एक काहीच न लावलेली आणि एक नुसता सलाइनचा बोळा फिरवलेली. माध्यमाची बाटली संपत आली होती. ‘ही काही विज्ञानाची मुलं नाहीत, कंट्रोल कशाला’ असं मनात आलं आणि मी त्या दोन प्लेट वाचवल्या. या सगळ्या प्रकरणातला पहिला निर्णय हाच होता, आणि तेव्हा तो निर्णय आहे हे मला कळलंही नाही.

काय घडलं

मुलांनी दहाची नोट, मोबाइल, वाचनालयाच्या दाराची कडी, बसच्या पासचं प्लॅस्टिक असं काय काय निवडलं. नवव्या गटाने जिन्याखालच्या पाण्याच्या कूलरची तोटी आणि साखळीला बांधलेला स्टीलचा पेला यांवर एकच बोळा फिरवला.

तिसऱ्या दिवशी प्लेट काढल्या तेव्हा नवव्या गटाच्या प्लेटमध्ये मोजायलाही जागा नव्हती. दुधाळ, चिकट कॉलन्या (जंतू वाढून दिसणारे ठिपके) एकमेकींत मिसळलेल्या, मध्ये दोन पिवळेधमक ठिपके आणि कडेला सुरकुतलेली पांढरी साय पसरावी तसा एक मोठा डाग. आम्ही अशा प्लेटवर ‘टीएनटीसी’ लिहितो, म्हणजे मोजण्यापलीकडे. मोजणी ग्राह्य धरायची तर कॉलन्या ३० ते ३०० च्या दरम्यान असाव्या लागतात. मोबाइलची प्लेटही जवळजवळ तशीच होती, पण तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मी दुसऱ्या टेबलावर होते. तेवढ्यात नवव्या गटातल्या एका मुलाने फोटो काढला. झाकणाला आतून वाफ धरली होती, फोटो धूसर येत होता, म्हणून त्याने टेप सोडवून झाकण उचललं. हे मला संध्याकाळी प्लेट गोळा करताना समजलं. टेपचं एक टोक दुमडून पुन्हा चिकटवलेलं होतं आणि त्याच्या गोंदावर बोटाचा ठसा होता.

तोवर फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर गेला होता. खाली ओळ होती: ‘हे आपण रोज पितो.’

दुसऱ्या दिवशी कूलरपाशी चिटपाखरू नव्हतं. गेटबाहेरच्या दुकानात बाटल्या संपल्या होत्या. कॅन्टीनवाल्या काकांचा कूलरशी काडीचा संबंध नाही, पण त्यांच्याही चहाला कोणी येईना, कारण चहा त्याच पाण्याचा असणार. एका पालकांचा फोन थेट प्राचार्यांना आला. अकरा वाजता मला बोलावणं.

पर्याय

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो: सर, कार्यालय अधीक्षक, वाणिज्य विभागप्रमुख आणि मी. सरांचं म्हणणं सरळ होतं. मुलाने स्टेटस काढावं, लेखी माफी द्यावी, विषय संपला. अधीक्षकांना मी सूचना फलकासाठी दोन ओळी लिहून द्याव्यात असं वाटत होतं: सदर जंतू निरुपद्रवी असून विद्यार्थ्यांनी घाबरू नये.

त्या दोन ओळी मी लिहू शकत नव्हते. न्यूट्रियंट अगारवर जे वाढू शकतं ते सगळं वाढतं. हाताच्या कातडीवरचे, धुळीतले, हवेतले, सगळे. रंग-आकार पाहून ‘हा अमुक, तो तमुक’ असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे त्या प्लेटवरून पाणी वाईट आहे हे सिद्ध होत नव्हतं, तसं चांगलं आहे हेही होत नव्हतं. आणि कंट्रोल नसल्यामुळे एक आणखी अवघड गोष्ट मला त्या खोलीत कबूल करावी लागली. १६ गटांनी सलाइनच्या एकाच बाटलीत बोळे बुडवले होते, त्यामुळे त्या कॉलन्या तोटीवरच्याच आहेत हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

“मग तुम्ही त्यांना शिकवलंत काय?” वाणिज्यच्या सरांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. म्हणूनच जास्त लागला.

तिसरा पर्याय जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याचा होता. कागद भक्कम येतो, पण यायला दिवस लागतात. चौथा, आपणच पाण्याची रीतसर तपासणी करायची, तीही याच मुलांना घेऊन. अधीक्षकांचा आक्षेप रास्त होता: ज्यांनी गोंधळ घातला त्यांच्याच हाती तपासणी? माझं उत्तर असं की गोंधळ माझ्या अर्धवट प्रात्यक्षिकाने घातला होता, आणि बंद दाराआड केलेल्या तपासणीवर आता कोणीही विश्वास ठेवणार नव्हतं.

ठरलं ते असं. कूलर ‘तपासणीसाठी बंद’. तोवर वीस लिटरचे जार मागवायचे. नमुना बाहेरही पाठवायचा आणि आपणही तपासायचा. माफीचा निर्णय निकालानंतर. स्टेटस काढायला सांगायचं नाही, हे मी हट्टाने मान्य करून घेतलं. काढलं असतं तर ‘कॉलेजने दाबलं’ ही पुढची ओळ तयारच होती. (त्या जारमधलं पाणी कधी कोणी तपासलंय, हा प्रश्न त्या दिवशी कोणालाच पडला नाही. मलाही नाही.)

काय केलं

शनिवारी सकाळी आठ मुलं आली, त्यात नवव्या गटातले चौघंही. नमुने चार ठिकाणचे: नगरपालिकेचं पाणी आवारात शिरतं तिथला नळ, गच्चीवरच्या टाकीची बाहेर पडणारी वाहिनी, कूलरची तोटी आहे तशी, आणि तीच तोटी स्पिरिटने पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून दिल्यावर.

बाटल्यांत आधीच सोडियम थायोसल्फेटचे थेंब होते. तपासायच्या पाण्यात आपणच रसायन कशाला घालायचं, असं एकाने विचारलं. कारण पाण्यात क्लोरीन उरलेला असेल तर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो जंतू मारत राहतो आणि आपल्याला पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं. थायोसल्फेट त्याला तिथल्या तिथे थांबवतं.

क्लोरीनची तपासणी मात्र जागेवरच, ओटी टेस्टने: थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी करतो तीच. आवारातल्या नळाचं पाणी छान पिवळं झालं. टाकीचं पाणी नुसती पिवळसर झाक येऊन थांबलं. कूलरचं पाण्यासारखं पाणीच राहिलं. बीकॉमची एक मुलगी हे वहीत लिहून घेत होती. ती म्हणाली, “मॅडम, नळाला ओपनिंग बॅलन्स आहे आणि कूलरला शिल्लक शून्य. मग मधला खर्च कुठे पडला ते शोधायचं. क्लोरीनची खतावणी.” पुढचे दोन आठवडे आम्ही सगळे खतावणीच म्हणत होतो.

खतावणीतली पहिली नोंद गच्चीवर सापडली. पाच हजार लिटरच्या टाकीच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला, आत कबुतराचं एक पीस तरंगणारं, तळाशी बोटभर गाळ. टाकी धुतल्याची तारीख रंगवायची जागा कोरी. सेंद्रिय घाण क्लोरीन खाते, त्यामुळे इथे बराचसा खर्च पडणारच. दुसरी नोंद माझ्या लक्षात उशिरा आली: कूलरमध्ये कार्बनचा फिल्टर आहे आणि तो क्लोरीन काढूनच टाकतो. म्हणजे कूलरमधली शून्य शिल्लक ही बिघाडाची खूण असेलच असं नाही.

मग एमपीएन, म्हणजे किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून पाण्यातल्या जंतूंच्या संख्येचा अंदाज. प्रत्येक नमुन्याला नऊ नळ्या. तीन नळ्यांत १० मिली पाणी, तीनमध्ये १ मिली, तीनमध्ये ०.१ मिली. माध्यम मॅकॉन्की ब्रॉथ. १० मिलीच्या नळ्यांत ते दुप्पट दाट घ्यायचं, कारण तितकंच पाणी पडल्यावर ते पातळ होऊन बरोबर एकपट होतं. आत पालथी घातलेली इवलीशी डरहॅम नळी. कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण शिरल्याची खूण मानले जाणारे जंतू, असतील तर ते लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवतात, आम्लामुळे जांभळा रंग पिवळा होतो आणि वायूचा बुडबुडा डरहॅमच्या टोकाशी अडकतो. ३६ नळ्या, ३७ अंश, ४८ तास. या वेळी इनक्युबेटर वापरला, कारण आता प्रश्न नेमका होता: आतड्यात राहणाऱ्यांच्या कुळातलं कोणी आहे का?

रविवारी दुपारी लॅबच्या मामांनी सुट्टी मोडून दार उघडून दिलं. स्टेटसवाला मुलगा नळीचा स्टँड डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिला. तिसऱ्या नमुन्याच्या तिन्ही मोठ्या नळ्या पिवळ्या होत्या आणि प्रत्येक डरहॅमच्या टोकाला मुगाएवढा बुडबुडा होता. “म्हणजे मी बरोबर होतो?” त्याने विचारलं.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्यासाठी हाच. शुक्रवारभर मी मनात एक भाषण तयार ठेवलं होतं: पाहा, घाईने निष्कर्ष काढला की असं होतं. ते भाषण आता चालणार नव्हतं.

निकाल

सोमवारी ४८ तासांचं वाचन झालं. तीन आकडे म्हणजे १०, १ आणि ०.१ मिलीच्या तीन-तीन नळ्यांपैकी किती नळ्यांत वायू आला ते. आवारातल्या नळाच्या नळ्या ०-०-०, म्हणजे १०० मिलीत ३ पेक्षा कमी. टाकी २-०-०, तक्त्यानुसार सुमारे ९. कूलर आहे तसा ३-१-०, म्हणजे ४३. पुसलेली तोटी पुन्हा २-०-०. पिवळ्या नळ्यांतून पुढे ब्रिलियंट ग्रीन ब्रॉथमध्ये घातलं, तिथेही वायू आला, म्हणजे कोलिफॉर्म पक्के. ईएमबी अगारवर मात्र ई. कोलायची (मैल्याची खूण मानला जाणारा आतड्यातला जंतू) ती ओळखीची हिरवी धातूसारखी चकाकी कुठेच दिसली नाही. गुलाबी, लिबलिबीत कॉलन्या आल्या. दहा दिवसांनी बाहेरचा अहवाल आला, तोही याच्याशी जुळणारा.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार वितरणातल्या पाण्याच्या १०० मिलीत एकूण कोलिफॉर्मही सापडता कामा नयेत. म्हणजे पाणी नापास. ताज्या मैल्याची खूण नाही, पण टाकी उघडी आणि घाण आहे, एवढं स्पष्ट.

त्या मुलाला मी सांगितलं ते असं: तुझं वाक्य बरोबर निघालं, पण तुझ्या प्लेटने ते सांगितलेलं नव्हतं. पाणी शुद्ध असतं तरी तुझी प्लेट अशीच भरली असती, तोटीला दिवसात दोनशे हात लागतात. तो काही बोलला नाही. खतावणीवाली बोलली: “ताळेबंद जुळला म्हणजे हिशोब बरोबर असतोच असं नाही. दोन चुका एकमेकींना खातात.” माझ्या उत्तरापेक्षा हे बरं होतं.

टाकी उपसली, घासली, झाकण बदललं. निर्जंतुकीकरणाची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती लागेल हे मुलांनीच त्रैराशिकाने काढलं. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, ५००० लिटर, म्हणजे २५० ग्रॅम. पावडरीत उपलब्ध क्लोरीन २५ टक्के धरला तर एक किलो. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरची निवळीच टाकीत. रात्रभर मुरवलं, सकाळी सगळ्या तोट्या सोडून टाकी रिकामी केली आणि ताजं पाणी भरलं. कूलरचा फिल्टरही बदलला.

दुसऱ्या फेरीत टाकी ०-०-०, पुसलेली तोटी ०-०-०. न पुसलेली तोटी १-०-०, म्हणजे अजूनही सुमारे ४. साखळीचा पेला काढला, तोटी रोज पुसायचं काम नेमून दिलं. कूलर सुरू झाला.

माफीपत्र द्यावं लागलं नाही. झाकण उघडल्याबद्दल मात्र मी सोडलं नाही. सगळ्या १६ प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर अर्धा तास लावून नष्ट करण्याचं काम त्या गटाने मामांच्या हाताखाली केलं. मुलाने आपणहून निकालाचं दुसरं स्टेटस ठेवलं, नळ्यांच्या फोटोसकट. ते पहिल्याच्या निम्म्या लोकांनीही पाहिलं नाही, असं त्यानेच नंतर सांगितलं.

कॅन्टीनवाल्या काकांचा तो आठवडा कोणी भरून दिला नाही. त्यांच्याकडे जाऊन दोन शब्द बोलायला हवं होतं, हे मला दिवाळीच्या सुट्टीत आठवलं.

सत्रांत परीक्षेत मी विचारलं: एका पेल्याच्या स्वॅबमधून न्यूट्रियंट अगारवर २०० कॉलन्या आल्या. पाणी पिण्यायोग्य आहे का? निम्म्याच्या आसपास मुलांनी ‘नाही’ लिहिलं. काहींनी तर पुढे आमच्याच कूलरचं उदाहरण दिलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

दोन कंट्रोल प्लेट कधीही वाचवणार नाही. विज्ञानाच्या मुलांना त्यांची सवय असते. या मुलांना नसते, म्हणून यांनाच त्यांची गरज जास्त. स्वॅब घेण्याआधी प्रत्येक गटाकडून वहीत एक ओळ लिहून घेईन: या प्लेटवरून काय कळणार नाही. सलाइनच्या छोट्या नळ्या, गटागणिक वेगळ्या. मोबाइल दप्तरात. फोटो हवाच तर तो मी काढून देईन, झाकणाबाहेरून.

आकड्यांच्या बाबतीतही मी एक घाई केली. तोटी पुसल्यावर ४३ चे ९ झाले, म्हणजे बाकीची भर तोटीच्या तोंडाने घातली, असं मी मुलांना सांगून मोकळी झाले. पण तीन-तीन नळ्यांच्या एमपीएनमध्ये ९ म्हणजे साधारण १ ते ३८ मधलं काहीही, आणि ४३ म्हणजे ९ ते १८०. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. तोटीबद्दलचा माझा निष्कर्ष बहुधा खरा असेल, पण त्या दोन आकड्यांनी तो सिद्ध केला नव्हता. ज्या चुकीबद्दल मी मुलाला ऐकवलं, तीच मी दोन दिवसांनी नीट तक्ता हातात घेऊन केली. पाच-पाच नळ्या लावायला हव्या होत्या, किंवा तेवढं बोलायला नको होतं.

कूलर लगेच बंद करावा का, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. अधीक्षकांना वाटतं, बंद केल्याने अफवा खरी ठरली. मला वाटतं, पाणी नापास निघालं म्हणजे बंद केलं ते बरंच झालं. पण हे मी निकाल माहीत असताना म्हणते आहे, आणि शुक्रवारी अकरा वाजता तो कोणालाच माहीत नव्हता.

या वर्षीच्या तुकडीत १८ प्लेट घातल्या. सतराव्या प्लेटवर मार्करने ‘काही न लावलेली’ असं लिहिलं. ४८ तासांनी तिच्यावर दोन कॉलन्या होत्या, एक पिवळी, एक पांढरी. त्या कुठून आल्या यावर अख्खा तास गेला, आणि उरलेल्या प्लेट मोजायच्या राहिल्या.